मी उभी केलेली चाती

सोलापुरातल्या कारखान्यांत एलईडी दिवे पहिल्यांदा आणले ते मीच, असं मी अजून सांगतो. तपासायला कुणी आलेलं नाही.

त्या दिवशी चादरींच्या एका शेडमध्ये माझे दिवे लागायचे होते. सकाळपासून मला एका जागी बसवत नव्हतं. चहा अर्धा टाकला, शिडी उगाच तीनदा हलवली. "आता उजेड बघा" हे इतक्या वेळा ऐकवलं, की मालक वैतागले. "अहो, लग्न कुणाचं हाय? तुमचं का दिव्यांचं?"

बटण दाबलं. शेड लख्ख उजळली. मी छाती फुगवून हिंडतोय, तेवढ्यात कांड्यांवर सूत भरणाऱ्या अक्कांनी हाक मारली.

"ओ सायेब, माझी चाती थांबली की!"

खरंच. कांडीला गरगर फिरवणारी ती लोखंडी चाती गप्प उभी. मोटर मात्र घरघरतेय. नेमकं माझ्या मुहूर्ताला यांचं मशीन बिघडावं, याचाच मला राग आला.

"पट्टा सैल झाला असेल," मी न वाकताच निदान केलं. "हातानं ढकला जरा."

अक्कांनी हात पुढे नेला आणि मध्येच थांबवला. "वारं लागतंय बोटांना," त्या म्हणाल्या. मग कमरेला खोचलेली चिंधी काढून चातीवर टाकली. चिंधी गपकन ओढली गेली, तिचे तुकडे उडाले.

"घ्या. आता तुमीच ढकला."

चाती फिरतच होती. वायरिंग दिसायला सुबक व्हावी म्हणून मी सगळे दिवे एकाच फेजवर, म्हणजे विजेच्या एकाच तारेवर, घेतले होते. ते एकदमच लुकलुकत होते, डोळ्याला न कळेल इतक्या वेगानं, आणि त्या तालात फिरणारी वस्तू उभी दिसते. कॉलेजात या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

मी अक्कांच्या बोटांकडे बघत राहिलो.

मालक धावत आले. "मशीन गेलं काय?"

अक्का माझ्याकडे बघतायत.

"मशीन ठीक आहे," मी म्हणालो. "वायरिंग माझी चुकली. त्यांची बोटं गेली असती."

"मग माझा जुना पिवळा बल्ब आधी लावा हितं, त्यात चाती फिरताना दिसती," अक्का म्हणाल्या. "तुमची हुशारी मागनं."

मी तडक शिडीवर चढलो आणि दिव्याची वायर ओढायला लागलो. खालून अक्कांनी शिडी गदागदा हलवली.

"उतरा सायेब! मेन चालू हाय की!"