आप्पांच्या चाकूचं छोटं पातं

समोरचा माणूस खरं बोलतोय हे सगळ्या खोलीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि तो तुमच्याकडेच वळून म्हणतोय, तूच सांग — अशा वेळी तुम्ही कधी गप्प बसला आहात?

मी बसलेय. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईबाबांना नाही, ज्या मैत्रिणीबरोबर चार वर्षं एका घरात राहिले तिलाही नाही. लिहायला घेतलं की दुसरंच काहीतरी लिहून व्हायचं — इराकवर, पोलिसांच्या झडत्यांवर, व्हिसाच्या नियमांवर. त्या लेखांमध्ये मी फार शूर असते. दुसऱ्यांचे अपराध लिहायला शौर्य कितीसं लागतं?

इचलकरंजीला आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनचे. ओल्या शाईच्या वासाचे ते कागद मी शाळेत जाता जाता वाटायचे. प्रत्येक पत्रकाखाली बाबा स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता घालायचे. ज्याच्यावर लिहिलंय त्याला उत्तर द्यायला कुठे यायचं ते कळलं पाहिजे, म्हणायचे. कधी कधी खरंच कुणीतरी तावातावानं दारात यायचं. बाबा त्याला आत बोलवून चहा द्यायचे आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे.

इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आठवडाभर बिझनेस पार्कमध्ये बसून दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायच्या आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या शेतात, लोक गाडीच्या डिकीतून घरातलं जुनं सामान विकतात त्या कार बूट सेलला जायचं. तिथं एका टेबलावर, गंजलेल्या पान्यांच्या ढिगात, मला पहिला चाकू मिळाला. खिशात मावणारा, दोन पात्यांचा, खाचा पाडलेल्या हाडाच्या मुठीचा. विकणारे आजोबा म्हणाले, यँक्सचा आहे हा, माझ्या वडिलांना दिला होता. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सला उतरण्याआधी या सगळ्या भागात अमेरिकन सैन्याच्या छावण्या होत्या. जाताना बरंच काही मागे राहिलं, आणि ते अजून कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजमधून निघत असतं.

युद्धाचा इतका तिटकारा असलेली मी या चाकूंच्या नादाला कशी लागले? कारण ते वाचता येतात. पातं जिथं मुठीत शिरतं तिथं, अगदी बुडाशी, कारखान्याचं नाव ठोकलेलं असतं. तेच नाव एका काळात कमानीसारखं वळवलेलं, पुढच्या काळात सरळ ओळीत, त्याखाली कधी गाव, कधी देश. भिंगाखाली ते अक्षर लागलं की चाकूचं वय कळतं. मूठ हाडाची की प्लॅस्टिकची, आतला पत्रा पितळेचा की दुसरा, खिळे कुठल्या जातीचे, हे सगळं त्या वयाशी जुळवून बघायचं. जुन्या पात्यावर आलेला काळपट रंग घासून काढायचा नाही. स्प्रिंग चांगली असेल तर पातं मिटताना टक् असा स्वच्छ आवाज होतो. हे सगळं मी कॅटलॉगांतून आणि इंटरनेटवरच्या अमेरिकन संग्राहकांकडून शिकले. त्या लोकांनी शिकवलेली सगळ्यात पहिली गोष्ट कोणती, सांगू? सगळी पाती उघडून पाहिल्याशिवाय चाकूचं वय सांगायचं नाही. कारण लोक मोडलेलं पातं बदलून घेतात.

हे मला माहीत होतं. ते नीट लक्षात ठेवा.

आमच्या इथल्या मराठी मंडळात आप्पा निकम यायचे. ऐंशी ओलांडलेले, मूळ साताऱ्याकडचे. तरुणपणी मराठा पलटणीतून इटलीत लढलेले, नंतर लंडनमधल्या साउथॉलच्या कारखान्यात तीस वर्षं काम केलेले, आणि बायको गेल्यावर बेसिंगस्टोकला लेकीकडे, शैलाताईंकडे राहायला आलेले. आप्पांची एक गोष्ट होती. इटलीत चिखलात एक ट्रक उलटला, त्याखाली अमेरिकन ड्रायव्हर अडकला. आप्पांनी आणि आणखी दोघांनी हातांनी चिखल उपसून त्याला बाहेर ओढला. स्ट्रेचरवर ठेवल्यावर त्यानं खिशातला चाकू काढून आप्पांच्या हातात दिला. एवढीच गोष्ट. 'त्याचं नाव इचारायचं ऱ्हायलंच की,' असं म्हणून दर वेळी ते संपवायचे.

खरं सांगते, मला ती गोष्ट आवडायची नाही. मला तिच्यात साम्राज्यासाठी मेलेली आपली पोरं दिसायची. त्या काळात रोज बातम्यांत इराक होता आणि मंडळाच्या सभेत युद्धाविरुद्ध साधा ठराव मांडायचा म्हटलं तर, इथे पॉलिटिक्स नको, म्हणून मला खाली बसवलं जायचं. मग त्याच मंडळानं ठरवलं की नोव्हेंबरात, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी लोक कोटाला लाल पॉपीचं फूल लावतात त्या रविवारी, आप्पांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. चाकू टेबलावर मांडायचा. सेक्रेटरी विनयदादांनी मला फोन केला, 'तू त्या चाकूंमधली एक्स्पर्ट ना? त्याच्याशेजारी ठेवायला एक छानसं कार्ड लिहून दे.' आणि शैलाताईंकडून आणलेला चाकू माझ्याकडे पोचता केला.

मी मोठं पातं उघडलं. भिंग लावलं. नाव सरळ ओळीत, खाली देशाचं नाव. हा शिक्का युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतला, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. छोटं पातं गंजून बसलं होतं, नखानं हललं नाही. मी जोर केला नाही. गरजच काय होती? मला हवं ते मिळालं होतं.

कार्ड मी लिहिलंच नाही. त्याऐवजी पत्रक लिहिलं. लायब्ररीत त्याच्या साठ प्रती काढल्या आणि मंडळाच्या सभासदांना पोस्टानं पाठवल्या. आपण शौर्याच्या कथांना किती सहज माना डोलावतो, असा सगळा सूर. मधोमध, ठळक अक्षरांत: हा चाकू युद्ध संपल्यावर बनलेला आहे, मग तो युद्धात कुणी कुणाला दिला? खाली माझं नाव, माझा पत्ता. अगदी बाबांसारखं. फक्त आप्पांना मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. शैलाताईंचं घर माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर होतं.

इथपर्यंत निदान चूक म्हणता येईल. घाई, गर्व, काय हवं ते म्हणा. पण मला सांगायचंय ते हे नाही. मी पुन्हा पुन्हा इथंच येऊन थांबते.

शनिवारी दुपारी, दुसऱ्या दिवशी परत द्यायचा म्हणून मी तो चाकू पुसायला घेतला. छोट्या पात्याच्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडले, तासभर ठेवला, आणि ते पातं उघडलं. बुडाशी नाव होतं. कमानीत. जुना शिक्का. युद्धाच्या आधीच्या वर्षांतला. मूठ हाडाची, आतलं पितळ जुनं, सगळं त्या छोट्या पात्याशी जुळणारं. फक्त मोठं पातं नंतरचं होतं. म्हणजे चाकू जुनाच. कुणीतरी मोठं पातं बदलून घेतलेलं.

मला कळायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. विनयदादांचा नंबर फ्रिजवर लावलेला होता. फोन शेजारीच होता. मी काय केलं? पातं मिटलं. टक् असा अगदी स्वच्छ आवाज आला. मग चाकू पाकिटात घातला आणि स्वतःला सांगितलं की एका जुन्या पात्यावरून तो चाकू इटलीतूनच आला हे काही सिद्ध होत नाही. ते खरंही आहे. पण माझं पत्रक खोटं ठरत होतं, एवढं नक्की सिद्ध होत होतं.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये चाळीसेक लोक. चहाचा मोठा थर्मास, साबुदाण्याचे वडे, आणि सगळ्यांच्या पर्समध्ये किंवा खिशात घडी केलेलं माझं पत्रक. कुणी ते बाहेर काढत नव्हतं, पण सगळ्यांनी वाचलं होतं. विनयदादा माइकवर अडखळत होते. तेवढ्यात मागून एका पोरानं टाकलंच, 'म्हणजे आप्पांचा चाकू वॉरला लेट पोचला म्हणायचा!' हशा झाला. माझ्या पुढच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, 'अहो राहू द्या हो, वय झालंय त्यांचं.' ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

आप्पा उठले. शर्टावर कोट, कोटावर लाल पॉपी. रागावलेले नव्हते. खरंच नव्हते — कुणीतरी हिशेब चुकीचा मांडलाय आणि तो दाखवून दिला की झालं, अशा थाटात ते माझ्याकडे वळून बोलले.

'पोरी, मोठं पातं मोडलं हुतं माझं. साउथॉलला असताना. पॅकिंगची पट्टी कापाया गेलो अन् तुटलं. फोरमननं कारखान्याचा पत्ता काढून दिला. पोस्टानं धाडला अमेरिकेला. तीन महिन्यांनी आला, नवीन पातं घालून. ते नवंच दिसणार की गं. तूच सांग, तुला कळतं ह्यातलं. असं हुतं का न्हाई?'

सगळे माझ्याकडे बघत होते. चाकू टेबलावर होता, माझ्या हातापासून दोन फुटांवर. कालच तेल घातलेलं. छोटं पातं उघडायला नखाचं काम होतं. एक नख.

मी म्हटलं, 'आप्पा, एवढ्यावरून नक्की काही सांगता येत नाही.'

मला वाटतं त्यांना कळलं नाही की मला माहीत आहे. की कळलं? हे मला कधीच समजणार नाही. मग त्यांनी चाकू उचलून कोटाच्या खिशात टाकला आणि खाली बसले. छोटं पातं त्यांच्या लेखी गंजून बसलेलंच होतं, ते कशाला उघडतील? विनयदादा म्हणाले, 'सत्काराचं आपण नंतर बघू.' शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत परत गेली. ती नंतर कधी बाहेर आली नाही. नाटुकलं झालं, लकी ड्रॉ झाला. दोघंतिघं जण मला येऊन म्हणाले, 'तू स्पष्ट बोलतेस हे बरं करतेस.' मी थँक यू म्हटलं. हो, थँक यू म्हटलं.

का केलं मी असं? युद्धाविरुद्धच्या तत्त्वासाठी नाही. तत्त्व असतं तर खरं सांगून वर म्हणता आलं असतं की तरीही मला युद्धं नकोत. आप्पांनीही बहुधा मान डोलावली असती. मला चाळीस लोकांसमोर चुकायचं नव्हतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही.

आप्पा मंडळात पुन्हा आले नाहीत. त्या हिवाळ्यात एकदा बस स्टॉपवर भेटले. मी दुसऱ्या बाजूला वळणार होते, त्यांनीच हाक मारली. 'बरी हायस न्हवं? थंडीचं कानाला बांधावं काईतरी.' चाकूचं नाव काढलं नाही. बस यायला नऊ मिनिटं होती, बोर्डावर दिसत होती. मी नऊच्या नऊ मिनिटं थंडीबद्दल बोलले.

दोन वर्षांनी ते गेले. क्रिमेटोरियममध्ये शैलाताईंचा मुलगा बोलायला उभा राहिला. इथंच जन्मलेला, पंचविशीतला, आजोबांच्या मांडीवर वाढलेला. तो इंग्रजीत बोलला, आणि फार मायेनं बोलला. आजोबांना गोष्टी सांगायला आवडायचं, म्हणाला, आणि त्यातल्या काही तर खऱ्यासुद्धा असतील. लोक प्रेमानं हसले. तोही डोळे पुसत हसला. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते. ज्या नातवानं त्या माणसाला जीव लावला, त्यालाही आता तो माणूस थोडासा थापाड्या वाटत होता, आणि हे मी केलं होतं. तेव्हाही उठता आलं असतं. मी उठले नाही.

आज सकाळी मी शैलाताईंना आणि त्यांच्या मुलाला पत्र टाकलं. हे छापून येईपर्यंत ते पोचलेलं असेल. छोटं पातं कसं उघडायचं, भिंग कुठं धरायचं, काय वाचायचं, ते त्यात लिहिलंय. त्यांनी उत्तर द्यावं असं काही नाही. तुमच्याकडूनही मला काही नको. मला बरं वाटावं असं काही म्हणू नका.

पण त्या रविवारी हॉलमध्ये तुम्ही असाल, किंवा लेट पोचलेल्या चाकूचा तो विनोद कुठून तरी तुमच्यापर्यंत आला असेल, तर एक करा. तुम्ही तो ज्याला ज्याला सांगितला असेल त्याला आज फोन करा आणि सांगा: निकम आप्पांचं मोठं पातं मोडलं होतं, त्यांनी ते अमेरिकेहून बदलून आणलं होतं, आणि त्या दिवशी उभं राहून ते खरं बोलत होते.