बाई नाही, असं मी म्हणाले

ती आतून गज धरून उभी होती आणि मागून दोघे कैदी तिचं लुगडं ओढत होते, काय आहे ते बघायला. तो पुरुषांचा लॉकअप होता आणि तिला तिथं माझ्या शब्दावरून घातलं होतं. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली होती. चाकणला तेव्हा कारखाने नव्हते, कांद्याचा बाजार होता. मी चौथी शिकलेली. बायकांची झडती घ्यायला पोलीस खात्यानं मला शिपाई म्हणून ठेवलं होतं. नाशिक रस्त्यावर गाड्या लुटणारा एक दरोडेखोर लुगडं नेसून फिरतो, अशी खबर होती. त्या सकाळी बाजारातल्या एका हमालानं येऊन सांगितलं, "कांदं निवडणाऱ्यांत एक हाय. हनुवटीवर खुंट हायेत. बाई न्हाई ती."

तिला धरून आणलं. आडोशाला नेऊन मी झडती घेतली. माझी दोन बाळंतपणं झालेली, पण हे शरीर मला कळेना. बाईचं म्हणावं तर नव्हतं, पुरुषाचं म्हणावं तर तेही नव्हतं.

"कोण आहेस तू?"

"आईनं परकर नेसवला, मी नेसले. मला काय ठाव?"

बाहेर फौजदार थांबले होते. "बाई आहे की नाही? लवकर सांग."

"बाई नाही," मी म्हणाले आणि भाकरी खायला गेले.

परत आले तर हे. गजांवरची तिची बोटं मला दिसली. हजेरीला रोज त्या दरोडेखोराचं वर्णन वाचून दाखवत: आरोपीच्या डाव्या हाताची करंगळी तुटलेली. इथं दहाच्या दहा होती. आम्ही सगळे लुगड्याखालचं शोधत बसलो, हात कुणी बघितलाच नव्हता.

"साहेब, हिला करंगळी आहे. कुलूप काढा."

"मग पुरुषानं लुगडं का नेसावं?"

"पुरुष आहे असं मी म्हटलंच नव्हतं."

"अगं, मग आहे काय?"

"मला माहीत नाही. आधी कुलूप काढा."

काढलं. पुण्याच्या सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलं की काहींचं शरीर जन्मापासूनच असं असतं, यात सोंग नाही. बाई की पुरुष, ते त्यांनीही लिहिलं नाही. फौजदारांनी कागद उलटून मागंही बघितलं.

त्यानंतर मी पुष्कळ झडत्या घेतल्या. एवढंच शिकले की कळत नसेल तर कळत नाही म्हणावं, साहेब कितीही घाई करोत. देवानं दोनच घडवले असं लोक सांगतात. ते मला पटत नाही, आणि मग किती घडवले, तेही सांगता येत नाही.

ती सुटली. पुढं बरीच वर्षं बाजारात कांदे निवडत होती. मी दिसले की तोंड फिरवायची.