ड्रायव्हर-सानचा हिरवा पट्टा

जपानमधल्या यामानाशीच्या द्राक्षगावांत कुठल्याही वायनरीत शिरलं की आधी विचारतात, "ड्रायव्हर-सान कोण?" म्हणजे आपले ड्रायव्हरसाहेब. जो हात वर करेल त्याच्या गळ्यात हिरवा पट्टा घालतात. पट्टा घातला की द्राक्षाचा रस फुकट, आणि वाइनचा थेंबही नाही. जपानात घोटभर घेऊन गाडी चालवली तरी धडगत नसते, आणि शेजारी बसणारा नि पाजणाराही गोत्यात येतो. त्यामुळे उत्तर मिळेपर्यंत काउंटरवरची मुलगी बाटलीला हात लावत नाही. हसतमुखाने उभी राहते.

पट्टा नेहमी माझ्याच गळ्यात असायचा. मी पीत नाही, मी गाडी चालवते, हिशेब सरळ होता. निदान बाहेरून तरी.

आम्ही टोकियोजवळच्या त्सुकुबात राहायचो. नवरा तिथल्या एका संस्थेत संशोधक. मी आधी त्याच्यामागून आलेली बायको आणि मग एका ऑफिसात भाषांतराचं काम करणारी बाई. २०११चा मोठा भूकंप झाला तेव्हा तो टोकियोहून एकटाच गाडीने परत येत होता, आणि नेमका तोने नदीच्या पुलावर होता. गाड्या थांबल्या, पूल हलत राहिला, एवढंच त्याने मला सांगितलं. घरी आल्यावर त्याने किल्ली दारामागच्या हुकाला अडकवली, ती पुन्हा कधी काढली नाही.

कारणं मात्र भरपूर होती. सायकल तब्येतीला बरी. पाठ दुखते. इथे पार्किंगची कटकट फार. शेवटी मीच लायसन्स काढलं. त्या परीक्षेत दोनदा नापास झाले, कारण वळताना मागे बघायचं तर परीक्षकाला दिसेल अशी मान वळवावी लागते, आणि माझी मान पुरेशी वळत नव्हती. तिसऱ्या वेळी मी घुबडासारखी मान फिरवली आणि पास झाले.

वायनरीची टूम माझीच. रविवारी तो सोफ्यावर बसून फोनवर कुठे किती हादरा बसला ते बघत राहायचा. माझं डोकं फिरायला लागलं. एका सकाळी त्याला गाडीत घातलं आणि थेट यामानाशी गाठलं. तिथे द्राक्षांचे मांडव आपल्या नाशिक-सांगलीकडच्यासारखेच, डोक्यावर पसरलेले. फरक एवढाच की प्रत्येक घडाला कागदाची टोपी. हजारो घड, हजारो टोप्या, आणि त्या सगळ्या हातांनी घातलेल्या. त्या मांडवाखाली नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदा सैल पडलेला दिसला. मग आम्ही दर महिन्या-दोन महिन्यांनी जाऊ लागलो.

वाइनचा तो मोठा जाणकार झाला. पेला गोल फिरवायचा, नाक खुपसायचा आणि म्हणायचा, "ओल्या मातीचा वास येतोय." घरी चहात साखर घालायला विसरले तरी या माणसाच्या लक्षात येत नाही! मी त्याची यथेच्छ टिंगल करायचे. पण एक गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक होती. पुढे पेला असला की गाडी का चालवत नाहीस असं कुणी विचारत नाही.

तोने नदीचा पूल मात्र जाता-येता लागायचाच. पूल जवळ आला की तो डोळे मिटायचा. झोप लागली, असं दाखवायचा. झोपलेल्या माणसाची बोटं सीटबेल्ट इतका घट्ट धरून नसतात. मी पूलभर एक डोळा रस्त्यावर आणि एक त्याच्यावर ठेवून गाडी हाकायचे.

आणि मग तो शरद ऋतूतला रविवार. आदल्या रात्री जेवताना त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की संस्थेने कायमची जागा देऊ केलीय, पण तो सोमवारी नाही म्हणणार आहे. समुद्रकाठच्या मोजणी केंद्रावर दर आठवड्याला स्वतः गाडी घेऊन जावं लागेल म्हणून. "पाठीला झेपणार नाही गं," तो म्हणाला. त्याचा करार मार्चमध्ये संपत होता. म्हणजे माझी नोकरी, आमचं घर, सगळं त्या पाठीपायी सोडून आम्ही पुण्याला परतायचं.  मी भांडी जोरात घासली.

सकाळी तरीही निघालो. पूल आला, त्याने डोळे मिटले. दुपारपर्यंत यामानाशी गाठलं.

"ड्रायव्हर-सान कोण?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

माझा हात सवयीने उठायला लागला, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. ठरवून आले नव्हते. राग होता, आणि रागाखाली भीती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या बाटल्यांकडे पाहत राहिले. मुलगी पट्टा धरून, हसतमुखाने उभी. जपानी माणसं वाट फार छान बघतात, समोरच्याचा जीव जातो.

"अगं," तो हळूच म्हणाला.

"आज मी पिणार आहे," मी म्हटलं.

 मग त्याने हात वर केला, खांद्यापर्यंतच. मुलीने वाकून त्याच्या गळ्यात पट्टा घातला आणि रसाचा पेला पुढे ठेवला.

आता पिणं भाग होतं. मी दोन पेले घेतले. आमसुलाच्या सारासारखी आंबट चव, आणि मागाहून जीभ कोरडी. मातीबिती काही लागली नाही.

निघताना माझ्या मापाची सीट मागे सरकवायलाच त्याने कितीतरी वेळ घेतला. आरसे पुसले. पुन्हा पुसले. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की पूल येईल तेव्हा मी बोलत राहीन, हवं तर हात धरीन, काही झालं तरी एकटं सोडणार नाही. पण ज्या बाईने जन्मात दारू घेतली नव्हती, तिला दोन पेले पुरले. डोंगर उतरायच्या आत माझे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा गाडी थांबली होती. बाहेर आमचीच इमारत, आमच्याच सायकली. मी दचकून उठले.

"पूल?"

"कधीच गेला."

"उठवलं का नाहीस मला?" माझा आवाज रडवेला झाला. "मला जागं राहायचं होतं रे."

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. तो म्हणाला, "बरं झालं झोपलीस. तू जागी असतीस, तर पूलभर माझ्याकडे बघत बसली असतीस. आणि मी तुझ्याकडे."

 इतके रविवार मी त्याला सांभाळून पुलापार नेत होते, असं मला वाटत होतं.

हिरवा पट्टा परत द्यायचा राहूनच गेला होता, तो अजून त्याच्या गळ्यात होता. काढायला मी हात पुढे केला, आणि मागे घेतला.