पद्मिनीबाईंची तेरा दिवसांची हजेरी

पद्मिनी दांडेकरांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लखनौच्या एका औषध-संशोधन संस्थेत अठरा वर्षं त्यांनी उंदरांची वजनं टिपली. उंदीर वळवळला तर त्या थांबत, पुन्हा तोलत, मगच लिहीत. औषध बाधतंय की नाही हे त्या वजनांवरून ठरे, आणि बाईंना आयुष्यात तेवढाच एक अभिमान होता.

१९८७ साली वह्या गेल्या, संगणक आला. जुन्या वह्यांतले आकडेही त्यात भरले. आता आपलं नाव आणि पासवर्ड टाकून वजनं नोंदवायची. ज्याच्या नावावरचे आकडे संशयास्पद वाटतील, त्याच्या साऱ्या नोंदी बाद! सुक्याबरोबर ओलंही जळायचं. अठरा वर्षांत माणसांनी पारखलेली बाई हे यंत्र तीन महिन्यांत पारखणार म्हणे.

त्याच वर्षी ऑगस्टात बाईंचे यजमान दिनकरराव गेले. त्यांच्या आजारपणात बाईंची रजा केव्हाच संपली होती. निशातगंजच्या घरात तेरा दिवस त्या भिंतीला टेकून बसल्या. रडू आलं नाही, भूकही लागली नाही.

इकडे शेजारच्या टेबलावरच्या यमुनाने जुनी रीत पाळली. रजिस्टरात एकमेकांची सही ठोकणं हे तिथे पाप नव्हतं, शेजारधर्म होता. पासवर्डही सगळ्यांना ठाऊक. गैरहजेरी लागू नये म्हणून तिने निरोप मिळाल्या दिवसापासून बाईंच्या नावाने संगणक उघडला. पण उंदरांना हात लावायची तिला भीती. मग रोज आदल्याच दिवशीचे आकडे भरले.

बाई कामावर आल्या तसं विभागप्रमुख डॉक्टर गोपीनाथांनी त्यांना बोलावलं. पुढ्यात छापील कागद ठेवला.

"मॅडम, मशीन को आप पर भरोसा नहीं रहा. ये तेरह दिन आप ही थीं? नहीं थीं, तो डेथ सर्टिफिकेट दे दीजिए. आपका पुराना काम बच जाएगा. जिसने किया है, उसकी नौकरी जाएगी."

दाखला पर्समध्येच होता. दाराशी यमुना पदर चावत उभी होती.

बाईंनी कागद वाचला. चार ऑगस्ट, सकाळी अकरा वीस: पद्मिनी दांडेकर, हजर. अकरा वीसला दिनकररावांना घरातून उचललं होतं. कागदावर मात्र त्या उंदीर तोलत होत्या, आणि संध्याकाळी घरी नवरा चहासाठी वाट बघत बसणार होता.

"हाँ सर, मैं ही थी," बाई म्हणाल्या.

अठरा वर्षांची वजनं दुपारच्या आतच बाद झाली. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही.

"ये काग़ज़ मैं रख लूँ?" एवढंच त्यांनी विचारलं.