गाढवाचे मागचे पाय

माझी शेजारीण मेविस थर्टल तरुणपणी दोन वर्षं एका गाढवाचे मागचे पाय होती. 'टर्निपचा मळा' नावाचा लहान मुलांचा कार्यक्रम दर मंगळवारी दुपारी टीव्हीवर लागायचा. त्यातलं टर्निप हे गाढव म्हणजे आत दोन माणसं. पुढे लेस्ली कॅटरमोल, आणि मागे कंबरेत वाकलेली मेविस, डाव्या हाताने त्याचा पट्टा धरून आणि उजव्या हातात शेपटीची दोरी घेऊन. लहानपणी मी तो कार्यक्रम एकही चुकवला नव्हता. पण इंग्लंडमधल्या बेकल्स गावी तिच्या शेजारी राहायला येऊन नऊ वर्षं झाली, तरी हे मला माहीत नव्हतं. शेवटी जी नावं यायची त्यांत तिचं नाव कधी नव्हतंच.

फेब्रुवारीत तिचा नवरा रोलंड गेला. बसच्या आगारात मेकॅनिक होता. दिवसभरात वीस वाक्यं बोलला तर खूप. दफनानंतर लोक घरी आले तेव्हा मेविसने सँडविच कापले, सगळ्यांचे आभार मानले, बश्या धुतल्या. रडली नाही. पुढेही नाही.

"दाढ काढायला इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो?" ती मला म्हणाली. "असतो आपलाच, पण चावला तरी कळत नाही. तसं झालंय."

एप्रिलमध्ये तिची भाची जॅनिस एक खोकं घेऊन आली. मीही तिथंच होते.

"आत्या, तुझं गाढव परत आलंय बघ. डीव्हीडीवर. सगळे सव्वीस भाग."

"कोण विकत घेतं असलं?"

"माझ्यासारखे. पन्नाशी उलटलेले."

"मग तूच ठेव."

"अगं, तू आहेस त्यात."

"मी कुठली? माझं ढुंगण आहे, तेही घोंगड्याखाली."

जॅनिस खोकं ठेवूनच गेली. मेविस रोज जेवण झालं की एक भाग लावायची. कपडे धुण्याच्या यंत्रापुढे बसून आत फिरणारे कपडे बघावेत, तसं बघायची. गाढव पेंढा खायचं, कोंबड्यांशी भांडायचं आणि जवळजवळ प्रत्येक भागाच्या शेवटी कुंपणावरून उडी मारून घरी जायचं. ती उडी म्हणजे मागच्या पायांचं मरण. लेस्ली नुसता झेपावायचा, त्याच्यासकट सगळं वजन मेविसला उचलायला लागायचं.

चौदावा भाग बघून झाल्यावर तिने मला चहाला बोलावलं आणि वाटाणे सोलता सोलता सांगितलं. नोव्हेंबर चौऱ्याहत्तरमध्ये तिला चौथा महिना होता. एका मंगळवारी गर्भ पडला. शुक्रवारी चित्रीकरण होतं. स्टुडिओत कुणाला काही माहीत नव्हतं, आणि ती गेली.

"रोलंड नको म्हणत होता. मी म्हटलं, घरात बसून भिंती बघू का? त्यानेच गाडीतून सोडलं. पुन्हा आम्ही त्यावर बोललो नाही. आणि पुन्हा दिवस काही राहिले नाहीत."

"तो भाग यात आहे?"

"दोनांतला एक आहे. बुजगावण्याच्या टोपीचा, नाहीतर बदकाचा. पुस्तिकेत दाखवल्याच्या तारखा आहेत, काम केल्याच्या नाहीत."

तिने दोन्ही भाग पुन्हा पुन्हा लावले होते. काहीतरी वेगळं दिसेल, पाय अडखळेल, असं तिला वाटत होतं. दोन्हींत गाढव नाचत होतं. दोन्हींत शेपूट जिथं हलायला हवं तिथं बरोबर हललं होतं.

"मीच होते त्यात," ती म्हणाली, "आणि मलाच कळत नाहीये कुठल्यात."

शेवटी तिने समुद्रकाठच्या क्रोमर गावी लेस्लीला फोन केला. तो आता चौऱ्याऐंशीचा. मी शेजारीच बसले होते, आणि कानाने कमी ऐकणाऱ्या माणसाचा आवाज खोलीभर येतो.

"कोण? मागचे पाय? अजून उभे आहेत का?"

"आहेत. लेस्ली, मला एक सांग. बुजगावण्याचा भाग आधी केला की बदकाचा?"

"तुला हवाय तो बदकाचा," तो म्हणाला.

"मला कुठला हवाय ते तुला काय माहीत?"

"त्याच्या शेवटी टर्निप उडी मारत नाही. फाटक उघडून जातो. बघ नीट."

"तुझा गुडघा दुखत होता तेव्हा. आठवतंय मला."

"माझा गुडघा आजही दुखत नाही, मेविस. त्या दिवशी सकाळी रोलंड मला गाड्या लावतात तिथं भेटला. टोपी हातात. म्हणाला, तिला आज उडी मारायला लावू नका. आणि मी बोललो हे तिला कळलं तर याद राख. मग मी आत जाऊन गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. बरीच बोलणी खाल्ली."

"रोलंड तुझ्याशी बोलला?"

"तेवढंच. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही."

"बरं," मेविस म्हणाली. "बरं. तब्येतीला जप." आणि तिने फोन ठेवला.

आम्ही बदकाचा भाग लावला. शेवटी गाढव कुंपणाजवळ येतं, थांबतं, तोंडाने फाटकाची कडी काढायला जातं. ती निघता निघत नाही, शेवटी निघते. मग ते हळूहळू चालत पलीकडे जातं. मेविसने तेवढाच तुकडा तीनदा बघितला. तिचा चेहरा होता तसाच होता.

"काही वाटतंय का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"अजून नाही," ती म्हणाली, आणि वाटाणे शिजायला टाकायला उठली.

मे महिन्यात ती बसने क्रोमरला जाऊन आली. समुद्राकडे तोंड करून दोघं बाकावर बसले, खेकड्याचे सँडविच खाल्ले. लेस्लीकडे डीव्हीडीचं यंत्र नव्हतं, आणि घ्यायचंही नव्हतं. म्हणून तिने बदकाचा भाग त्याला पहिल्यापासून तोंडी सांगितला. कोंबड्या, तळं, बदक, फाटक. रोलंडचं नाव दोघांनीही काढलं नाही.