रागवायला हक्काचं गाव

उन्हानं तापलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपातल्या पाण्याला एक वास असतो. थोडा शेवाळाचा, थोडा तव्यावर विसरलेल्या फडक्याचा, आणि बराचसा वाट पाहण्याचा. चैत्र लागला, समोरच्या कडुनिंबाला मोहोर आला, की दुपारच्या झळांबरोबर त्याचा कडवट-गोड परिमळ गॅलरीत शिरतो आणि त्या पिंपाच्या वासात विरघळून जातो. मग छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या कुणालाही डोळे मिटून सांगता यावं, की उन्हाळा सुरू झाला आहे आणि आज पाण्याचा दिवस नाही.

पाण्याचा दिवस ही आमची खरी तिथी. एकादशी-चतुर्थी नंतर. कुणाला जेवायला बोलवायचं, चादरी कधी भिजवायच्या, माहेरवाशिणीनं न्हायचं कधी, हे सगळं नळ ठरवतो. तिकडं पैठणला समुद्रासारखा जलाशय पसरलेला आहे, संध्याकाळी त्याच्यावर सोनं सांडतं, लोक फोटो काढतात. इकडं गावात पाहुण्यांना पाणचक्की दाखवतात, शेकडो वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून शहरात कसं खेळवलं त्याचं वर्णन करतात, आणि पाहुणे तोंडात बोटं घालतात. आम्हाला बोटं घालता येत नाहीत. आमच्या हातात बादल्या असतात.

"आई, तुझं गाव बघायला यावं असं आहे, राहावं असं नाही. फ्लॅट विकून टाक आणि कायमची इकडं ये," असं लंडनहून माझा मुलगा अनिरुद्ध फोनवर म्हणाला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक तर तो खरं बोलत होता. शिवाय ते वाक्य मुळात माझं होतं.

लग्न होऊन पाचोडहून इथं आले तेव्हा मी कोण होते, हे आठवलं की आजही मला त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. पाचोडच्या आठवडी बाजारापलीकडं जग न पाहिलेली ही शहाणी, सासरच्या भिंतीवर पॅरिसच्या मनोऱ्याचं कॅलेंडर लावून, आल्या-गेल्याला सांगायची, की हे गाव लेणी पाहून परत जाण्यापुरतं ठीक, राहावं ते युरोपात. गुलमंडीवरून काळा गॉगल आणला आणि तो लावून दुकानाची पायरी चुकले. परदेशी गेल्यावर अडायला नको म्हणून भाकरी काट्या-सुरीनं खाण्याचा सराव केला. कडक पापुद्रा उडून थेट सासऱ्यांच्या आमटीत पडला. त्यांनी तो शांतपणे काढून खाल्ला आणि म्हणाले, "सूनबाई, विलायत अजून लांब आहे."

ती विलायत केसांना चांदी लागल्यावर दिसली. हे होते तेव्हा आम्ही टूरबरोबर पॅरिसला गेलो. वसंत होता. नदीवरच्या पुलाशी भाजत्या पावाचा उबदार गंध तरंगत होता, चेस्टनटच्या झाडांनी पांढऱ्या फुलांच्या मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि संध्याकाळ नऊ वाजले तरी जायचं नाव घेत नव्हती. मी चक्क रडले. जन्मभर इथंच राहायला हवं होतं, असं ह्यांना म्हणाले. पाहुणा कोणत्याही शहराच्या प्रेमात पडू शकतो, कारण त्या शहराचा गवळी, न्हाणीची मोरी, वीजबिल, शेजारणीचा स्वभाव, यांतलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. शहर त्याच्यापुढं नटून बसतं. सकाळी उठून दात घासणारं शहर त्यानं पाहिलेलंच नसतं.

पुढं अनिरुद्ध सिंगापूरला होता तेव्हा तिथं राहून आले. पाऊससुद्धा त्या शहरात वेळ घेऊन आल्यासारखा पडायचा आणि फुटपाथ पुसून निघून जायचा. सगळं इतकं लखलखीत, की खोकला आला तरी मी आधी इकडंतिकडं बघायची. आणि मग लंडन. हे गेल्यानंतरचा सबंध हिवाळा मी तिथं काढला. राहून बघ, जमलं तर कायमची ये, असं ठरलं होतं. दुपारीच दिवे लागायचे. आकाश धुतलेल्या पण न वाळलेल्या धोतरासारखं खाली लोंबायचं. काचेपलीकडं माणसं जायची, एकमेकांना न लागता, पाण्यात मासे जातात तशी.

एका सकाळी भिंतीतल्या नळीत गुळगुळ आवाज झाला आणि मी ताडकन उठले. पाणी आलं! पातेली, कढया, कुकरचे डबे, नातीची खेळण्यातली बादली, फुलदाणी, जे जे हाताला लागलं ते मी काठोकाठ भरून ओळीनं मांडलं, वर ताटं झाकली, आणि पदर खोचून, कर्तबगार चेहऱ्यानं उभी राहिले. खोल्या गरम करणारी नळी होती ती. तिथला नळ काही कुठं जात नव्हता. सून मृण्मयी आली, क्षणभर बघत राहिली, मग गोड हसली. "असू दे आई, होतं असं," म्हणत तिनं एकेक भांडं सिंकमध्ये ओतायला सुरुवात केली.

ओतायला! भरलेलं स्वच्छ पाणी, माझ्या डोळ्यांदेखत! माझ्या घरात कुणी असं केलं असतं तर शेजारच्या गल्लीनं माझा आवाज ऐकला असता. तिथं मीही गोड हसले. बाहेर लोकांना सॉरी म्हणत, थँक्यू म्हणत, घरात "काही नको गं, बरं आहे सगळं" म्हणत मी तो हिवाळा काढला. परतले तेव्हा रिक्षावाल्यानं मीटरला हात न लावता भलतंच भाडं सांगितलं, आणि मी त्याच्याशी अशी कडाकडा भांडले, की छातीतलं धुकं निवळलं.

परवा, अनिरुद्धनं तिकडूनच दिलेली जाहिरात वाचून, फ्लॅट बघायला सुनीता आली. फुलंब्रीहून रोज बसनं ये-जा करून इथल्या बँकेत नोकरी करणारी, तिशीतली, घामानं डबडबलेली, दोन लेकरांची आई. अनिरुद्धनं बजावलं होतं, पाण्याचं काही बोलू नकोस. मी दुसरं काही बोललेच नाही. पिंपं दाखवली, टाकी दाखवली, पाण्याच्या दिवशी जिन्यात होणारी रणधुमाळी साभिनय करून दाखवली. ही पळून जाईल आणि मुलाला सांगता येईल, की बाबा, गिऱ्हाईकच नाही, असा माझा डाव.

तिनं पदरानं कपाळ पुसलं. "काकू, गावाकडं टँकरमागं पळून पळून माझ्या चपला झिजल्या. त्याच्या मानानं हे लई बरं. पोरांची शाळा हितं, माझं काम हितं. मला हितंच राहायचंय."

नेमका त्या दिवशी पाण्याचा दिवस होता, आणि पाणी आलं नव्हतं. खाली रस्त्यावरून पाणी सोडणारा गडी व्हॉल्व्ह फिरवायची आपली लांबलचक चावी खांद्यावर टाकून आमची गल्ली ओलांडून चालला होता. मी चपला शोधेपर्यंत ही बाई गॅलरीत पोचलीसुद्धा. "ओ भाऊ! कुठं निघालात? आमची लाइन काय तुमच्या सासऱ्यानं सोडायची व्हय?"

तो गडी मुकाट्यानं मागं फिरला. माझ्या हाकेला तो आधी दोन उत्तरं देतो. मी जळफळले. अजून बयाणा दिला नाही, आणि माझ्या माणसावर ओरडते! "आमची लाइन" म्हणते! नळ फुसफुसला, तांबूस झाला, मग निवळला. आम्ही दोघींनी मिळून पिंपं भरली आणि ती "कळवा काकू" म्हणून बस गाठायला धावली.

थोड्या वेळानं अनिरुद्धचा फोन. आवडलं का त्यांना, म्हणे.

"आवडलं. त्याचाच तर राग आलाय. तुझ्या त्या लंडनात मी ओरडू कुणावर, सांग!"

तो हसला. मग म्हणाला, "माझ्यावर ओरड ना, आई. इथं होतीस तेव्हा एकदाही ओरडली नाहीस. मृण्मयी म्हणाली होती, आई आपल्याकडं पाहुण्यासारख्या राहून गेल्या."

मी जगातल्या शहरांची तुलना करत बसले होते. कुठलं बघायचं, कुठलं राहायचं. आणि पोटच्या पोराच्या घरी एक अख्खा हिवाळा मी बघून आले होते, राहिले नव्हतेच. त्यांनीही मला, किती जपून, पाहुणीसारखंच वागवलं होतं.

"दाढी का वाढवलीस रे भिकाऱ्यासारखी?" मी म्हटलं. माझा आवाज चढला. "आणि पोरीला मराठी का येत नाही अजून? आणि भरलेलं पाणी कुणी ओतून देतं का, अं?" मी बोलत सुटले. तो ऐकत होता. मधूनच "हो आई" म्हणत होता, लहानपणी म्हणायचा त्याच आवाजात. कडुनिंबाची सावली गॅलरीत लांबत गेली. सुनीताला काय कळवायचं, हे त्यानं विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.