सर्वेशसाठी देवाकडे काय मागायचं

आमच्या वाडीत विमान चालवणारा माणूस एकच, घाडींचा सर्वेश. त्यामुळे वाडीवरून कुठलंही विमान गेलं की माणसं हातातलं काम टाकून वर बघतात आणि म्हणतात, "सर्वेश चल्लो." सर्वेश त्या वेळी समोरच्या पडवीत पेज जेवत बसलेला असला तरी म्हणतात.

गेल्या रजेत तो पडवीतच बसून होता. एरवी पिशवी टाकली की समुद्रावर पळायचा, रापणीचं जाळं ओढणाऱ्यांत घुसायचा. या वेळी चेहरा असा, की लागोपाठच्या लग्नांत पंगती वाढून नुकताच टेकलेला माणूस वाटावा. बाळा परब हा कणकवली डेपोचा निवृत्त ड्रायव्हर. सर्वेशला तो आपल्याच खात्यातला समजतो. तो येऊन शेजारी बसला.

"काय रे सर्वेशा, फोंडा घाटात धुका पडला की आमचो जीव मुठीत. तुमका वर कसला टेन्शन? समोरसून कोण येणा नाय, आडवी म्हस येणा नाय."

"म्हस इली असती तर बरा होता, बाळाकाका. हॉर्न तरी मारूक गावलो असतो."

एवढं बोलून तो उठून आत गेला.

खरी गोष्ट त्याने फक्त आईला, रुक्मिणीकाकूंना सांगितली. ड्यूटी आज पहाटेची, परवा रात्रीची, मग पुन्हा पहाटेची. झोपायचं कधी, हेच अंगाला कळेनासं झालं होतं. हॉटेलच्या मऊ गादीवर तो छताकडे बघत पडायचा. मग विमानाचं दार बंद झालं की छातीत धडधडायला लागलं, तळहात ओले व्हायला लागले. अजून चुकला कुठेच नव्हता, म्हणून कोणाला कळलंही नव्हतं. कंपनीचे डॉक्टर विचारायचे, "झोप वगैरे?" हा म्हणायचा, "उत्तम." कारण पाय मोडला तर सहकारी फुलं घेऊन भेटायला येतात; मन थकलं म्हणून खाली उतरवलं, तर परत वर कधी सोडतील, सोडतील की नाही, याची खात्री कोणीच देत नाही. निदान वैमानिक आपसांत तरी असंच बोलतात. आणि आता सोमवारी पुन्हा ड्यूटी होती. मागे भरलेलं विमान असणार होतं.

"आये, कोणाक सांगू नको हां."

"माका काय खूळ लागला?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी शब्द पाळला. शेजारी सांगितलं नाही, माहेरी सांगितलं नाही, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. फक्त दिराच्या कानावर घातलं, तेही देवाला सांगण्यापुरतं. देव हा काही "कोण" नव्हे.

दीर म्हणजे गंगाराम घाडी. ग्रामदेव रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. गाऱ्हाणं देवाला सांगायचं असतं, पण उभ्याने, गावासमोर. आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. देवाला ऐकू येतं याची गंगारामकाकांना खात्री आहे, तरी आवाजात ते कधी काटकसर करत नाहीत.

रविवारी सकाळी "पाया पडूक चल" म्हणून सर्वेशला देवळात नेलं. अर्धी वाडी आधीच हजर. काकांनी नारळ ठेवला.

"बा देवा रवळनाथा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या तुझा लेकरू, घाड्यांचो सर्वेश, इमान चलवता!"

"व्हय महाराजा!"

"तेका झोप येणा नाय, इमानात बसलो की छातीत धडधडता, आणि डॉक्टराक ह्यो खोटा सांगता!"

या वेळी "व्हय महाराजा" जरा उशिरा आलं, पण आलं.

सर्वेशने आईकडे पाहिलं. काकू एकटक देवाकडे बघत होत्या.

"तर महाराजा..." म्हणून काका थांबले आणि मागे वळले. गाऱ्हाण्याच्या शेवटी काय हवं ते नेमकं मागावं लागतं, आणि तेच विचारायचं राहिलं होतं.

"काय मागू रे?"

"पुरे, काका. घराक जावया."

"पुरे कसा? नारळ ठेवलेलो आसा. उद्या इमानात बरो बसांदे म्हणून मागू, की इमानातसून खाली उतरव म्हणून मागू? दोनी मागलंय तर देवान करूचा काय?"

इतके महिने लोकांनी त्याला "बरा आहेस ना?" असं विचारलं होतं. त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. काय हवंय, हे कोणी विचारलं नव्हतं.

"खाली," सर्वेश म्हणाला. "माका थोडे दिवस खाली ऱ्हवांदे, काका. मागे माणसां बसतत. माका भिया वाटता."

काका देवाकडे वळले. "तेका खाली ऱ्हवांदे, महाराजा! बरो होयसर वर धाडू नको!"

"व्हय महाराजा!"

मग सर्वेशने देवळाच्या पायरीवर बसून कंपनीला फोन लावला. वाडी काही हलेना. कोणी चप्पल शोधत होतं, कोणी सापडलेली चप्पल पुन्हा काढून शोधत होतं.

"उद्याच्या ड्यूटीवर मी येऊ शकत नाही. नाही, ताप नाही. मला झोप लागत नाही."

"मोठ्यान सांग रे," काकू म्हणाल्या, "तेंका आयकाक येवचा नाय."

पलीकडून विचारलं, कधीपासून? "गेल्या पावसाळ्यापासून," तो म्हणाला, आणि वाडीकडे पाठ करून बसला. तेव्हा बाळा परब उठला.

"चला रे, घराक चला! ड्रायव्हराच्या तोंडाकडे काय बघतास?"

कंपनीने सर्वेशला उड्डाणावरून उतरवलं आणि उपचारांना पाठवलं. परत कधी, आणि परत की नाही, ते तपासण्या ठरवतील. औषधांनी तोंड कोरडं पडतं म्हणतो. कधी झोप लागते, कधी नाही. कंपनीतून फोन आला की पडवीत उभा राहून ऐकतो आणि "बरं" म्हणून ठेवतो.

गंगारामकाका येता-जाता कुंपणापाशी थांबतात.

"अजून खालीच मां?"

"खालीच, काका."

"मगे देव आयकता," काका म्हणतात, आणि बागेकडे चालू लागतात.